बरा न होणाऱ्या रुग्णाला घरी पाठवलं, पुढं काय? केरळनं जगाकडून शिकून दाखवलं. आपला तालुका कुठं आहे?

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार जगभर ‘जागतिक हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअर दिन’ म्हणून पाळला जातो. शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत कार्यक्रम होतात, भाषणं होतात. गावाकडं हा शब्द अजून धड पोचलेला नाही. पण ज्याला या सेवेची गरज आहे, तो माणूस प्रत्येक गावात आहे.

मुंबई-पुण्याच्या दवाखान्यातून “आता करण्यासारखं काही राहिलं नाही, घरी घेऊन जा” असं सांगून परत पाठवलेला कॅन्सरचा रुग्ण. अर्धांगवायूनं वर्षानुवर्षं खाटेवर पडून असलेले आजोबा. किडनी निकामी झालेला आणि डायलिसिसच्या फेऱ्या झेपत नाहीत म्हणून घरीच बसलेला कर्ता माणूस. यांचा आजार कदाचित बरा होणार नाही. पण त्यांचं दुखणं, त्यांची जखम, त्यांची उडालेली झोप आणि घरच्यांची दमछाक यावर इलाज आहे. तो फार महागडा नाही, आणि त्यातला बराचसा इलाज घरी खाटेवरच देता येतो.

हे कुणा पुढाऱ्याचं आश्वासन नाही. केरळमध्ये गेल्या तीस वर्षांत हे करून दाखवलंय. त्याची सुरुवात परदेशी डॉक्टर-नर्सच्या शिकवणीतून झाली आणि ते टिकलं गावातल्या शेजाऱ्यांच्या जोरावर. बाहेरून काय घ्यायचं आणि आपलं आपण काय उभं करायचं, हे केरळला नीट कळलं. महाराष्ट्रातही पॅलिएटिव्ह केअरचं सरकारी धोरण २०१२ पासून आहे. मग गावापर्यंत येताना गाडी कुठं अडते, ते बघायला हवं.

नेमकी काय असते ही सेवा?

पॅलिएटिव्ह केअरला सरकारी मराठीत ‘उपशामक उपचार’ म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर आजार मुळातून जात नसेल तर निदान माणसाचा त्रास कमी करायचा. मोठे उपचार चालू असतानाही ही सेवा देता येते, शेवटच्या दिवसांची वाट बघावी लागत नाही.

त्रास म्हणजे फक्त दुखणं नाही. धाप लागणं, उलट्या, बद्धकोष्ठता, वास मारणारी जखम, पाठीला पडलेल्या बेडसोअरच्या जखमा, रात्र रात्र झोप नसणं, मनातली भीती, “माझ्यामागं लेकरांचं काय” हा घोर, हे सगळं त्यात येतं. घरच्या माणसांचाही विचार त्यात होतो. कारण सासूचं किंवा नवऱ्याचं करता करता घरातल्या बाईची मजुरी बुडते, तिची स्वतःची तब्येत खालावते आणि त्याची नोंद कुठंच होत नाही.

यातलं बरंचसं काम साधं असतं. खाटेला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली तर बेडसोअर बऱ्याच अंशी टळतात. कॅन्सरच्या जखमेला वास येत असेल तर डॉक्टर-नर्सच्या सांगण्याप्रमाणे मेट्रोनिडॅझोल या स्वस्त गोळीची पूड लावून तो कमी करता येतो. वास कमी झाला की नातवंडं पुन्हा खाटेजवळ येऊन बसतात. पण या दोन साध्या गोष्टीसुद्धा कुणीतरी घरी येऊन शिकवाव्या लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते. प्रत्यक्षात ती मिळते १०० पैकी साधारण १४ जणांना. गरज असलेले बहुतेक लोक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आहेत.

लंडनमधली शिकवण कालिकतला कशी आली?

आजच्या पॅलिएटिव्ह केअरची सुरुवात सिसिली साँडर्स या ब्रिटिश बाईंपासून धरतात. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णांच्या घरच्या अडचणी सोडवणाऱ्या समाजसेविका झाल्या आणि नंतर शिकून डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं. हॉस्पिस म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण. त्यांचं एक म्हणणं फार महत्त्वाचं ठरलं. कॅन्सरच्या रुग्णाला कळा सुरू झाल्यावर औषध द्यायचं नाही, कळा येऊच नयेत म्हणून घड्याळ बघून ठरलेल्या वेळेला द्यायचं.

पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली हीच पद्धत तीन पायऱ्यांच्या शिडीसारखी मांडली. दुखणं कमी असेल तर पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी, त्याहून जास्त असेल तर कोडीनसारखं औषध आणि असह्य असेल तर मॉर्फिन. इंजेक्शनची गरज नाही, तोंडानं घेता येतील अशी औषधं. म्हणजे रुग्ण घरी राहू शकतो. गावातल्या माणसाच्या दृष्टीनं हा मोठाच बदल होता.

त्याच १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन हे भारतातलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं. म्हणजे सुरुवात महाराष्ट्रातच झाली होती. पण ही सेवा गावागावांत नेण्याचं काम केरळनं केलं.

कालिकतच्या म्हणजे कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल भूलशास्त्राचे डॉक्टर होते. एक अनुभव त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. कॅन्सर झालेला एक प्राध्यापक त्यांच्याकडं आला. त्यांनी सुई देऊन दुखणारी नस बधिर केली आणि दुखणं थांबवलं. पण बोलण्याच्या ओघात त्याला कळलं की हा कॅन्सरचा इलाज नव्हता, आजार बरा होणारच नाही. घरी गेल्यावर त्यानं आपलं जीवन संपवलं. आपण नस बघितली, माणूस बघितला नाही, हे तेव्हा ध्यानात आल्याचं राजगोपाल सांगतात.

त्या काळात गिली बर्न ही ब्रिटिश नर्स भारतात फिरून डॉक्टर-नर्सना पॅलिएटिव्ह केअर शिकवत होती. तिच्या शिकवणीतून राजगोपाल यांना वाट सापडली. पुढं ते ऑक्सफर्डला जाऊन शिकून आले. १९९३ साली त्यांनी डॉ. सुरेश कुमार आणि इतर सहकाऱ्यांबरोबर कालिकतला ‘पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी’ काढली. ऑक्सफर्डचे नावाजलेले डॉक्टर रॉबर्ट ट्वायक्रॉस स्वतः कालिकतला येऊन शिकवत. त्यांनी इथून माणसं उचलून तिकडं नेली नाहीत, इथल्या माणसांना इथंच तयार केलं. पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं कालिकतच्या या केंद्राकडं इतरांसाठी नमुना म्हणून पाहिलं. १९९४ मध्ये देशपातळीवर इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही संघटनाही उभी राहिली.

या मदतीत मोठी इमारत नव्हती की महागडी मशीन नव्हती. बाहेरून आलं ते ज्ञान: दुखणं मोजायचं कसं, औषध किती आणि कधी द्यायचं, रुग्णाशी खरं पण धीर देऊन कसं बोलायचं.

डॉक्टर शिकला, पण गोळी कुठं होती?

शिक्षण मिळालं तरी एक मोठी अडचण उरली होती. असह्य दुखण्यावरचं मुख्य औषध म्हणजे मॉर्फिन, आणि मॉर्फिन निघतं अफूपासून.

इथं शेतकऱ्याला चटकन कळेल अशी एक गोष्ट आहे. मध्य प्रदेशातला मंदसौर-नीमचचा पट्टा, राजस्थान आणि उत्तर प्रदेशचा काही भाग इथं सरकारी परवान्यानं अफूचं पीक घेतात. नीमच आणि गाझीपूरला त्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने आहेत. औषधासाठी लागणारी अफू भारत कितीतरी वर्षं परदेशांना विकत आलाय. म्हणजे पीक आपल्या शेतकऱ्याचं, घाम आपला, आणि आपलाच कॅन्सरचा रुग्ण मॉर्फिनच्या गोळीसाठी तळमळत होता.

याचं कारण कायद्यात होतं. १९८५ साली अमली पदार्थांविरोधात एनडीपीएस कायदा आला. नशेचा धंदा रोखणं हा त्याचा हेतू. पण शिक्षा इतक्या कडक आणि परवाने इतके किचकट की दवाखान्यांनी आणि मेडिकलवाल्यांनी मॉर्फिन ठेवणंच बंद केलं. एका वेळेला चार-पाच परवाने लागत, तेही वेगवेगळ्या खात्यांचे. एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपून जायची. कायदा आल्यानंतर देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ साली तर एवढ्या मोठ्या देशात वर्षभरात जेमतेम १८ किलो मॉर्फिन वापरलं गेलं.

दुसऱ्यांदा परदेशी तज्ज्ञांची साथ कामी आली ती इथं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले डेव्हिड जोरानसन आणि त्यांचे सहकारी औषधांच्या कायद्यांचा अभ्यास करत होते. त्यांनी भारतातल्या डॉक्टरांबरोबर बसून नियम सोपे कसे करता येतील ते मांडलं. १९९८ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना नियम सोपे करायला सांगितलं. केरळनं ते लवकर मनावर घेतलं, बाकीची बरीच राज्यं रेंगाळली. शेवटी २०१४ साली संसदेनं कायद्यातच दुरुस्ती केली. आता मॉर्फिनसह काही औषधं ‘अत्यावश्यक’ ठरवली आहेत आणि देशभर एकच नियम आहे. ज्या दवाखान्यात या कामाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर आहे, तो दवाखाना राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच मान्यता घेऊन ही औषधं ठेवू शकतो.

“व्यसन लागेल” ही भीती मात्र अजून आहे, सामान्य लोकांत आहे तशी डॉक्टरांतही आहे. त्यावर कालिकतचंच एक उदाहरण पुरेसं आहे. तिथं दोन वर्षांत १७२३ रुग्णांना मॉर्फिन घरी नेऊ दिलं. त्यातल्या औषधाचा गैरवापर झाल्याचा किंवा ते भलतीकडं गेल्याचा एकही प्रकार सापडला नाही. २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलंय.

अर्थात मॉर्फिन म्हणजे गुडघेदुखीची गोळी नव्हे. ते शिकलेल्या डॉक्टरनंच लिहून द्यायचं, मात्रा त्यानंच ठरवायची आणि कुणाची चिठ्ठी कुणी वापरायची नाही. त्यानं बद्धकोष्ठता हमखास होते, म्हणून त्याचं औषध सोबतच देतात. पण “मॉर्फिन दिलं म्हणजे माणूस संपला” ही समजूत चुकीची आहे. दुखणं थांबल्यावर नीट झोपणारे, चार घास खाणारे, ओट्यावर येऊन बसणारे रुग्ण असतात.

जगातली वाटणीही बघण्यासारखी आहे. ‘लॅन्सेट’च्या आयोगानं २०१७ मध्ये मांडलेल्या हिशोबात जगभर वाटल्या गेलेल्या सुमारे ३०० टन मॉर्फिन आणि तशा औषधांपैकी सगळ्यात गरीब देशांच्या वाट्याला फक्त १०० किलो आलं होतं.

गाव करी ते राव न करी

कालिकतच्या केंद्रात रुग्ण यायला लागले, पण एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. ज्याला सगळ्यात जास्त त्रास आहे, तो दवाखान्यात येऊच शकत नाही. त्याला उचलून गाडीत घालायलाच चार माणसं लागतात. एका दिवसाची मजुरी बुडवून, गाडीभाडं भरून कितीदा येणार?

मग शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात २००० सालाच्या आसपास वेगळीच रचना उभी राहिली. गावातल्याच लोकांना तयार करायचं. शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया, कॉलेजची पोरं. आठवड्याला दोन तास देऊ शकेल असा कुणीही चालेल. त्यांना १६ तासांचं शिक्षण द्यायचं आणि चार वेळा घरभेटींना सोबत न्यायचं. रुग्णाशी कसं बोलायचं, त्याची स्वच्छता कशी करायची, घरात खायला आहे का, पोरांची शाळा चालू आहे का, हे बघणं स्वयंसेवकांचं काम. औषध, जखम आणि नळी बघणं नर्सचं आणि डॉक्टरचं. पैसा गावातूनच गोळा व्हायचा. दुकानात ठेवलेल्या डब्यातली चिल्लर, महिन्याची ठरलेली छोटी वर्गणी, शाळेच्या पोरांनी जमवलेली रक्कम.

लोकांनी आधी करून दाखवलं आणि मग सरकार मागं आलं. २००८ मध्ये केरळ सरकारनं पॅलिएटिव्ह केअरचं धोरण काढलं. असं धोरण काढणारं ते देशातलं पहिलं राज्य. पंचायतींनी आपल्या निधीतून नर्स नेमायची आणि तिनं घरोघरी जायचं, ही व्यवस्था राज्यभर पसरली. एक वेळ अशी होती की देशातल्या निम्म्याहून जास्त पॅलिएटिव्ह केअर सेवा एकट्या केरळात होत्या.

तिथंही सगळं आलबेल आहे असं नाही. नर्सच्या वाट्याला घरं फार येतात, चांगलं काम आणि नुसती भेट यातला फरक गावागावानुसार दिसतो. पण खाटेवर पडलेल्या माणसाकडं जायचंय, हे तिथं पंचायतीचं काम मानलं जातं. आपल्याकडं ते अजून फक्त भावकीचं काम आहे.

युगांडानं नर्सच्या हातात औषध दिलं

अशी साथ आफ्रिकेतल्या युगांडा देशालाही मिळाली, तीही त्याच १९९३ साली. ॲन मेरिमन या ब्रिटिश डॉक्टरांनी तिथं हॉस्पिस आफ्रिका युगांडा सुरू केलं. मॉर्फिनची पावडर आणून तिचं पातळ औषध इथंच तयार करायचं आणि बाटलीतून रुग्णाला घरी द्यायचं, ही त्यांची पद्धत. त्यामुळं खर्च फार कमी झाला.

पण तिथं डॉक्टरच मोजके. म्हणून युगांडानं २००४ साली नियम बदलून खास शिक्षण घेतलेल्या नर्सना मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला. ब्रिटनची पद्धत तिथं जशीच्या तशी उचलली नाही, आपल्याकडं माणसं कोण आहेत ते बघून बदलली. डॉक्टरांच्या रिकाम्या जागा हा विषय आपल्या आदिवासी आणि दुष्काळी तालुक्यांनाही नवा नाही. आपल्याकडं हा अधिकार नर्सना नाही. पण डॉक्टरनं सुरू केलेल्या औषधावर लक्ष ठेवायचं काम शिकलेली नर्स नक्की करू शकते, आणि त्यासाठी कायदा बदलायची गरज नाही.

आता गंगा उलटी वाहतेय. कोझिकोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ पॅलिएटिव्ह मेडिसिनला २०१० मध्ये आणि राजगोपाल यांनी काढलेल्या ‘पॅलियम इंडिया’च्या तिरुवनंतपुरमच्या संस्थेला २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं सहयोगी केंद्र म्हणून मान्यता मिळाली. बाहेरच्या देशांतले डॉक्टर-नर्स इथं शिकायला येतात. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आणखी एका आयोगानं मरणाच्या काळातल्या सेवेवर अहवाल दिला, त्यात केरळचं उदाहरण जगापुढं ठेवलं. ज्या ब्रिटननं शिकवलं, तिथलेच तज्ज्ञ आता शेजाऱ्यांना कामाला कसं लावायचं ते केरळकडून शिकताहेत.

महाराष्ट्रात काय आहे, काय नाही

महाराष्ट्राकडं काहीच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मुंबईत शांती अवेदना सदन आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे आणि या विषयातले तज्ज्ञ डॉक्टर तिथं तयार होतात. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना मोफत सेवा देतंय. केरळनंतर लवकर धोरण काढणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रमही २०१२ चाच. आणि गावच्या उपकेंद्राला ज्याचा नवा बोर्ड लागलाय, त्या आयुष्मान आरोग्य मंदिराच्या १२ सेवांच्या यादीत वृद्धांची काळजी आणि पॅलिएटिव्ह केअर हीसुद्धा आहे.

म्हणजे मुंबई-पुण्यात तज्ज्ञ आहेत आणि गावात बोर्ड आहे. प्रश्न मधल्या पट्ट्याचा आहे. जिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांची साखळी जुळली तरच मुंबईत लिहून दिलेली चिठ्ठी गावात उपयोगी पडते. साखळीतली एक कडी जरी निसटली, तरी महिन्याच्या गोळ्यांसाठी रुग्णाच्या पोराला पुन्हा मुंबईची गाडी पकडावी लागते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशन, केमो, शेक देणं यांचा खर्च निघतो. तो मोठा आधार आहे. पण ही योजना दवाखान्यातल्या उपचारांसाठी आहे. घरी पडलेल्या माणसाची पट्टी बदलायला ती येत नाही.

आणि याच मोकळ्या जागेत घरं बुडतात. दुखणं बघवत नाही, कुणी समजावून सांगत नाही, म्हणून नातेवाईक या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत राहतात. कुणी एखाद्या बाबाच्या औषधाला पैसे देतो, कुणी सोनं मोडतो, कुणी रान गहाण टाकतो. माणूस तर जातोच, मागं राहिलेल्यांच्या डोक्यावर कर्ज राहतं. अशा वेळी “आता धावपळ नको, दुखणं आपण घरीच थांबवू” असं खात्रीनं सांगणारं आणि तसं करून दाखवणारं कुणी असेल, तर त्या घराचं रानही वाचतं.

केरळची नक्कल जशीच्या तशी चालणार नाही

केरळात पंचायतीनं केलं, मग आपल्या ग्रामपंचायतीनं का करू नये, असं कुणीही विचारेल. इथं एक फरक ध्यानात घ्यावा लागेल. केरळची एक ग्रामपंचायत साधारण २५ ते ३० हजार लोकसंख्येची असते. तिच्याकडं निधी, कर्मचारी आणि अधिकार त्या मानानं असतात. महाराष्ट्रात २७ हजारांहून जास्त ग्रामपंचायती आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा दोन-तीन हजार वस्तीच्या. दिवाबत्ती आणि पाण्याचं बिल भरताना ज्यांची दमछाक होते, त्यांनी स्वतंत्र नर्स नेमावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

केरळच्या पंचायतीएवढी लोकसंख्या आपल्याकडं प्राथमिक आरोग्य केंद्राखाली येते. नियमानं सपाट भागात ३० हजारांना आणि आदिवासी, डोंगराळ भागात २० हजारांना एक केंद्र असतं. म्हणून नर्स, गाडी आणि औषध यांचा हिशोब आरोग्य केंद्राच्या पातळीवर मांडायला हवा आणि माणुसकीचा भाग गावाच्या पातळीवर. आरोग्य केंद्राची एक नर्स आठवड्याचे ठरलेले दिवस फक्त घरभेटींसाठी मोकळी ठेवली, तर सुरुवात होऊ शकते.

हे सगळं आशाताईंच्या गळ्यात मारून मोकळं व्हायचं, हा सोपा मार्ग निवडला जाण्याची भीती आहे. आशांसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या शिक्षणाची पुस्तिका केंद्रानं काढली आहे, ते चांगलंच झालं. पण मोबदल्यासाठी ज्यांना वारंवार आंदोलन करावं लागतं, त्यांच्यावर आणखी एक फुकटचं काम टाकून ही सेवा उभी राहणार नाही. घरभेटीचा वेगळा मोबदला हवा आणि मागं उभी राहणारी नर्स हवी.

स्वयंसेवकांचं म्हणाल तर आपल्याकडं माणसं कमी नाहीत. गणपतीला रात्र रात्र जागणारं तरुण मंडळ आहे, वारीत अनोळखी माणसाचे पाय चेपणारे वारकरी आहेत, बचत गटाच्या बाया आहेत, सप्त्याला हजारोंची पंगत उठवणारं गाव आहे. केरळनं वेगळी माणसं आणली नव्हती. आहे त्या माणसांना १६ तास शिकवलं आणि कुणाच्या घरी कुठल्या दिवशी जायचं ते ठरवून दिलं.

परदेशी मदतीबद्दलही एक गैरसमज नको. परदेशी पाहुणे येऊन दोन दिवसांचं शिबिर घेऊन, फोटो काढून गेले की तालुक्यात काही बदलत नाही. कालिकतला बदल झाला कारण शिकवणारे परत परत आले, शिकलेला डॉक्टर तिथंच राहिला, औषधाच्या नियमांचा पाठपुरावा झाला आणि गाव सोबत आलं. यातली एकही गोष्ट वगळून चाललं नसतं. आणि आता शिकण्यासाठी ऑक्सफर्डला जायची गरजही राहिलेली नाही. शिकवणारे मुंबईत आहेत, पुण्यात आहेत, केरळात आहेत, आणि मोबाइलवरून ऑनलाइन वर्गही चालतात. आरोग्य खात्यानं तालुक्यातला एक डॉक्टर आणि दोन नर्स त्यासाठी मोकळ्या करायच्या, एवढंच उरतं.

ग्रामसभेत आणि आरोग्य केंद्रात काय विचारायचं?

मागणी मोघम असेल तर उत्तरही मोघम येतं. म्हणून नेमके प्रश्न विचारावे लागतील.

पहिला: आपल्या जिल्हा रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायची मान्यता आहे का? असेल तर आज साठा आहे का? नसेल तर अर्ज केलाय का?

दुसरा: जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयातल्या किती डॉक्टर-नर्सनी पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण घेतलंय? त्यांची बदली झाल्यावर त्या जागी कोण आलं?

तिसरा: आरोग्य केंद्राच्या हद्दीत खाटेवर पडून असलेल्या रुग्णांची यादी आहे का? लसीकरणाची यादी होते, गरोदर मातांची होते, तशी ही का होऊ नये?

चौथा: घरभेटीचा दिवस कोणता आणि कोण येणार?

पाचवा: रुग्ण कल्याण समितीच्या आणि गावच्या आरोग्य समितीच्या अबंधित निधीतून हवेची गादी, कमोडची खुर्ची, ड्रेसिंगचं सामान घेता येईल का? अशा वस्तू गावात एकदा घेऊन ठेवल्या तर एकामागून एक घरांना वापरता येतात.

तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात हेच प्रश्न लेखी विचारता येतात. पण सगळंच सरकारची वाट बघत थांबण्यासारखं नाही. गावात कोण कोण खाटेवर आहे, याची यादी करायला मंडळाच्या चार पोरांना एक रविवार पुरतो. ती यादी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या हातात दिली आणि पोच घेतली, की ती माणसं सरकारी कागदावर येतात. केरळमध्ये पंचायतीनं नर्स नेमली ती नंतर. खाटेवर कोण आहे, हे गावानं आधी शोधलं होतं.